गाळलेल्या रेघा

सतेश्वर सेमवालांसारखी बारीक रेघ ओढणारा देहरादूनच्या आमच्या नकाशाघरात दुसरा कुणी दाखवा, मिशी उतरवून देतो. डोंगरावरच्या सारख्या उंचीच्या जागा जोडत जाणारी रेघ म्हणजे कंटूर. रेघा दाटीनं आल्या की उतार खडा, विरळ असल्या की सोपा. रेघ ओढताना ते श्वास रोखून धरायचे आणि मी खोकलो की खेकसायचे, "नेगी, मेल्या, तुझ्या एका खोकल्यानं पहाड हलतो माझा!" मी त्यांना दिदा म्हणायचो, थोरल्या भावाला म्हणतात तसं.

मुलगा भुवनेश पाच-सहा वर्षांचा असताना दिदा त्याच्या ताटातल्या भाताच्या ढिगावर नखानं रेघा ओढून द्यायचे. "दाट दिसलं की थांबायचं, विरळ दिसलं की उतरायचं. काय?" पोरगं घास न गिळताच घडाघडा म्हणून दाखवायचं. पुढे तो सरहद्दीवरच्या चौकीत हवालदार झाला, तेव्हा दिदांनी अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले.

आमच्या कामाची एक रीत आहे. कडा इतका उभा असेल की रेघा एकमेकींना चिकटून शाईचा डागच पडेल, तर मधल्या चार बारीक रेघा गाळायच्या आणि दर पाचवी, जाड रेघ तेवढी ठेवायची. नकाशा स्वच्छ दिसतो. जाणता माणूस जाड रेघ बघून समजतो. दिदांनी पोराला हे कधी सांगितलं नाही. जेवताना असलं कोण सांगत बसतं?

त्या फेब्रुवारीत निरोप आला, चौघांची गस्त धुक्यात हरवली, पुढे भुवनेश होता. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. बौजींनी, दिदांच्या बायकोनं, दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी दिदा ऑफिसात आले आणि कपाटातून त्या भागाचा नकाशा काढला. कोपऱ्यात त्यांचीच सही होती.

"नेगी, इथं चौकी, इथं खालचा तळ. बर्फ पडतंय. तू कुठून उतरशील?"

मी बोट ठेवलं. "इथून. रेघा विरळ आहेत."

"तिथं मी सोळा रेघा गाळल्यात."

मी बोट मागे घेतलं. "अहो दिदा, जाड रेघ दिसली असेल की त्याला. शिकलेला पोरगा आहे."

"भिजलेल्या कागदावर जाड काय आणि बारीक काय!"

चौथ्या दिवशी कड्याखाली तिघांची प्रेतं सापडली, त्यांत भुवनेशही होता. चौथा शिपाई पाय मोडून का होईना, जगला. महिन्याभरानं तो कुबड्यांवर दिदांच्या घरी भेटायला आला. बौजींनी त्याला चहा दिला. बिचारा सांत्वन करायलाच आला होता, म्हणाला, "चाचाजी, आम्ही कचरत होतो. भुवनेशभाईंनी नकाशावरची तुमची सही दाखवली. म्हणाले, माझ्या बाबांच्या हातचा आहे, बिनधास्त उतरा."

दिदांनी त्याला कपात आणखी चहा ओतून दिला. कप भरून सांडला, तरी ते ओततच होते.

वर्षाअखेर तोच नकाशा नव्यानं काढायला दिदांकडे आला. त्यांनी सोळाच्या सोळा रेघा ओढल्या. कड्याच्या जागी काळा डाग पडला. साहेबांनी नकाशा परत पाठवला. दिदांनी पुन्हा तसाच काढला, आणि तिसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेला साहेब ओरडले, "डोकं फिरलंय का तुमचं? सुबक काम करायला काय झालं?"

"तिथं डागच आहे, साहेब," दिदा म्हणाले.

मग त्यांना नावनिशीच्या टेबलावर, नुसती गावा-नद्यांची नावं लिहायला बसवलं आणि तो नकाशा माझ्याकडे आला. माझ्या घरी दोन पोरं, माझी नोकरी पक्की व्हायची होती.

मी सोळा रेघा गाळल्या. दिदा समोरच्या टेबलावरून बघत होते. कोपऱ्यात सही करताना माझा कागद दोनदा सरकला, म्हणून त्यांनी उठून तो घट्ट धरला.