वाफशावर आलेलं मैदान

वडनेरात पावसाची झड लागली की लोक भज्यांसाठी तेल तापवतात आणि उज्वला खराटा घेऊन मैदानावर निघते. तिला कुणी नेमलेलं नाही. लग्नाआधी ती कबड्डी खेळायची, आता गावातल्या मुलींना शिकवते, म्हणून त्यांचं मैदानही तीच सांभाळते. साचलेलं पाणी नालीत लोटायचं, चिखलावर मुरूम टाकायचा, माती जरा सुकली की रोलर फिरवायचा. हात भरून येतात, पण सपाट झालेल्या मैदानाकडे बघताना बाई अशी फुगते की विचारू नका.

यंदा तालुक्याचे सामने पहिल्यांदाच वडनेरला मिळाले होते. मैदान खराब निघालं तर ते दुसऱ्या गावी जाणार होते. आणि नेमका सामन्यांच्या तोंडावर पोळा आला, तोही झडीत! पोळ्याचं तोरण दरवर्षी याच मैदानावर लागतं आणि गावातल्या साऱ्या बैलजोड्या त्याखाली उभ्या राहतात. ओल्या काळ्या मातीत बैलांच्या खुरांचे खड्डे पडले आणि तसेच वाळले, की पोरींचे पाय मुरगळलेच म्हणून समजा.

“तोरण रस्त्यावर लावा,” उज्वलानं सांगितलं. गाव हसलं. तोरणाखाली पहिला मान तिच्या सासऱ्यांच्या, दौलतरावांच्या बैलजोडीचा. ते हसले नाहीत, भडकले.

“माह्या बापाची जोडी इथंच उभी राहे. मी काऊन रस्त्यावर जाऊ?”

“मामाजी, वाफसा नसताना तुमी वावरात बैल घालता काजी?”

दौलतरावांनी चपलेला चिकटलेला चिखल काठीनं खरवडला. माती पायाला चिकटत असताना कुणी वावरात बैल घातले तर त्याच्या सात पिढ्या काढणारा हा माणूस. ते तसेच घराकडे वळले.

पोळ्याला सजवलेली जोडी घेऊन ते मैदानापाशी आले, थांबले, कासरा ओढला आणि रस्त्याला लागले. मानाची जोडीच तिकडे गेल्यावर बाकीचे काय करणार? मुकाट मागे गेले. दोघं-तिघं मैदानावर बांधलेला तोरणाचा दोर सोडून रस्त्याकडे पळत सुटले. उज्वलाचे डोळे भरून आले. साऱ्या गावादेखत सासऱ्यांनी तिचा शब्द राखला, याचा तिला फार अभिमान वाटला.

सामन्याच्या दिवशी मैदान कोरडं, टणक. पोरी आखलेल्या रेघांपाशी उभ्या होत्या, तेवढ्यात बाहेरगावच्या एका पाहुण्यानं मोटारसायकल सरळ आत घातली. उज्वला उठेपर्यंत दौलतराव काठी घेऊन धावले होते.

“गाडी मांगं घे! माह्या सुनेचं मैदान हाये हे!”