माशिमांचं कुंकू

माझ्या हातून आयुष्यात बऱ्याच चुका झाल्या. त्यातल्या बहुतेकांवर मला पांघरूण घालता येतं. ही एक मात्र उघडीच राहते.

सत्तरच्या सुमारास नवऱ्याची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली आणि आम्ही बालीगंजला दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. खालच्या मजल्यावर साठी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच राहायच्या. सिनेमा मुका होता तेव्हा त्यांनी त्यात कामं करायला सुरुवात केली होती. चांगल्या घरातल्या मुली तिकडे फिरकतही नसत, तेव्हाची गोष्ट. वडिलांनी दार लावून घेतलं, ते पुन्हा उघडलं नाही. मी त्यांना तिथल्या रीतीने माशिमा, म्हणजे मावशी, म्हणायची, त्या मला बौमा, म्हणजे सूनबाई. मोडक्यातोडक्या हिंदीत आमचं छान जमायचं. भाजीवाल्याशी बंगालीत भांडायला मला त्यांनीच शिकवलं.

"माझी लग्नं किती झाली विचार," एकदा म्हणाल्या. "सगळी कॅमेऱ्यापुढे! भांगात सिंदूर भरायचा, शॉट संपला की मेकअपवाला तेलाच्या बोळ्याने रगडून पुसून टाकायचा. कातडी लाल व्हायची." आणि खळखळून हसल्या. खरं लग्न त्यांनी केलंच नव्हतं.

चैत्रात मी गौर मांडली आणि ओळखीच्या मराठी बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. डाळीसाठी आंबट कैऱ्या माशिमांनीच निवडून आणल्या, पन्ह्यासाठी आपले चांदीचे पेले दिले. हळदीकुंकू म्हणजे काय ते मी त्यांना सांगितलं, तेव्हा जरा थांबून म्हणाल्या, "मलाही लावशील? मी कुणाची बायको नाही हं."

"लावीन की! त्यात काय!" मी म्हटलं. सासरी मी पुढारलेली समजली जायची, आणि ते मला फार आवडायचं.

संध्याकाळी त्या पेटीच्या तळातली लाल काठाची साडी नेसून आल्या आणि सगळ्यांच्या रांगेत बसल्या. मी करंडा घेऊन एकेकीला हळदकुंकू लावत पुढे सरकत होते. माशिमांच्या आधी नवऱ्याच्या साहेबांची बायको बसली होती. तिच्यासमोर वाकले तेव्हा तिने हळूच विचारलं, "अगं, ह्या सिनेमातल्या ना? ह्यांचं लग्न झालंय?"

बस, एवढंच. लावू नकोस असं ती म्हणाली नाही. कुणीच म्हणालं नाही. दोष तिच्यावर ढकलायचा मी बरीच वर्षं प्रयत्न केला, पण तो तिथे टिकत नाही.

माशिमांनी डोळे मिटून कपाळ पुढे केलं होतं. माझं बोट कुंकवात होतं. मी पलीकडच्या बाईपुढे सरकले आणि ते तिला लावलं.

माशिमांनी डोळे उघडले. काय झालं ते त्यांना तेवढ्यात कळलं. मग त्या तशाच आणखी वाकल्या आणि खाली सांडलेला भिजवलेला हरभरा उचलून बशीत ठेवला, जणू त्याच्यासाठीच वाकल्या होत्या. कुणालाही काही दिसलं नाही. अपमान मी त्यांचा केला आणि अब्रू त्यांनी माझी राखली. त्यांनी डाळ खाल्ली, छान झालीय म्हणाल्या, पेले सावकाश पाठव म्हणाल्या आणि सगळ्यांना नमस्कार करून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेले घासूनपुसून मी खाली गेले. बरोबर करंडाही घेतला. लाज वाटत होतीच, पण त्या हसून कपाळ पुढे करतील अशी खात्रीही होती. आता लाजेपेक्षा ती खात्रीच जास्त टोचते.

त्यांनी दार उघडलं, पेले घेतले. करंड्याकडे पाहिलं.

"आज तुझ्याकडे कुणी पाहुण्या नाहीत ना, बौमा?"

"नाहीत," मी म्हटलं.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या आणि माझ्यासाठी चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.