मागच्या ड्रायव्हरचा आकडा

श्रावण तायडे यांनी एकतीस वर्षं एष्टी चालवली, आणि त्या एकतीस वर्षांत डॅशबोर्डावरच्या एकाही काट्यावर विश्वास ठेवला नाही. ठेवणार तरी कसा? स्पीडचा काटा उभ्या गाडीत चाळीस दाखवायचा. डिझेलचा काटा बडनेऱ्याला फुल्ल आणि मूर्तिजापूरला ठार मेलेला. श्रावणभौ कानानं गाडी हाकत. इंजिनाचा सूर बदलला की गिअर, घरघर चढली की पाय वर. अमरावती डेपोच्या भिंतीवर काळा फळा होता. कोणत्या ड्रायव्हरनं दहा लिटर डिझेलात किती किलोमीटर काढले, ते दर महिन्याला त्याच्यावर खडूनं लिहीत. कोणी बेचाळीस, कोणी चव्वेचाळीस, आणि श्रावणभौ त्रेपन्न! "काय बे श्रावण, उतारावर गाडी बंद करून ढकलतं काय?" असं दोस्त विचारत, अन् भौ मिशीतल्या मिशीत हसत.

अशा माणसाच्या पोरानं हायब्रीड गाडी घेतली. पोरगा म्हणजे अनुप, तंत्रनिकेतनात शिकवतो. गाडीला पेट्रोलचं इंजिनही आहे आणि बॅटरीवरची मोटरही. कोणी कधी राबायचं ते गाडी स्वतःच ठरवते. पहिल्याच दिवशी राजकमल चौकात सिग्नलला इंजिन गप्प झालं, तसं भौंनी जाहीर केलं, "पडली बंद! उतरा, धक्का मारा!" त्यांची बायको पंचफुलाबाई खरोखर उतरल्या, पदर खोचून डिक्कीला हातही लावला.

"आई, आत बस! ते तसंच असते, चौकात इंजिन झोपते!"

"झोपते? भर चौकात? तुह्या बापावर गेली मंग!" मागून हॉर्नवर हॉर्न, नि पंचफुलाबाई हॉर्नवाल्यांकडे वळून, "थांबा न बाप्पा, नवी हाय!"

पण आठ दिवसांत भौ त्या गाडीवर असे भाळले की विचारू नका. इंजिन कधी जागं होतं, कधी डोळा लावतं, सगळं त्यांच्या कानानं टिपलं. म्हणून मागल्या रविवारी अनुपची मान आखडली, तेव्हा अकोल्याला जायला स्टिअरिंगवर भौच बसले. समोरून उन्हाळी वारा, एसी चारवर, डिक्कीत पंचफुलाबाईंच्या बहिणीसाठी तुरीचं पोतं. निघताना स्क्रीनवर रेंज होती आठशे सेहेचाळीस.

"रेंज म्हंजे मोबाईलची का?" मागून पंचफुलाबाई.

"नाही आई. आहे त्या पेट्रोलात गाडी अजून किती किलोमीटर जाईन, ते."

अकोल्याला पोचले तेव्हा चाक फिरलं होतं अठ्ठ्याण्णव किलोमीटर, आणि स्क्रीन म्हणत होती सहाशे अकरा. अनुपनं फोनवर वजाबाकी केली. मग मान आखडलेली विसरून गर्रकन वळला आणि "आई गं" करून पुन्हा सरळ झाला.

"बाबा, शंभराच्या आत चाललो आपण, अन् तुमी दोनशे पस्तीस किलोमीटरचं पेट्रोल जाळलं!"

"मी? जाळलं?"

"मंग कोणी? आईनं?"

"माह्यावर काहून येतं रे?" पंचफुलाबाई.

परतीला अनुपनं चावी घेतली. संध्याकाळचा गारवा, एसी बंद, वारा पाठीशी, पोतं बहिणीकडे उतरलेलं. अमरावतीला पोचले तर रेंज फक्त एक्काहत्तरनं उतरली होती. "पाहा!" अनुप म्हणाला, आणि वर्गात शेवटच्या बाकाला समजावतात तसा हळू आवाज काढून पुढं म्हणाला, "बाबा, वय झालं. पायाचा अंदाज जाते मानसाचा. इथून पुढं तुमी मागं बसत जा."

मागं! ज्या माणसानं अख्ख्या वऱ्हाडातली लग्नं, बाळंतपणं, परीक्षा, पेशंट आपल्या मागं बसवून नेले, त्याला मागं बस म्हणतात? त्या रात्री भौ जेवले, पण लोणचं मागितलं नाही. पंचफुलाबाई समजल्या, हे लय लागलं.

सोमवारपासून भौंचा एकच उद्योग. अनुप कॉलेजातून आला की गाडीजवळ जायचं, आणि "आजचा आकडा किती रे?" सोमवारी पाचशे चाळीस. मंगळवारी पाचशे बावन्न. बुधवारी पाचशे एकसष्ट!

"पेट्रोल टाकलं का तू?"

"नाही."

"थेंबभरबी नाई?"

"बाबा, नाही म्हणतो न!"

भौ अंगणातून ओरडत आत आले. "अनुपची माय! अवं अनुपची माय! हे गाडी रात्री उठून सोताच पेट्रोल पिऊन येते! चालवली तीन दिवस, अन् रेंज वाढली!"

"मंग आपलं सिलिंडरबी भरून आनाले सांगा न तिले," पंचफुलाबाई भाकर उलटत म्हणाल्या.

भौ हसायला गेले आणि तोंड उघडं तसंच राहिलं. त्यांना डेपोतली ड्युटी बदलायची वेळ आठवली. उतरणारा ड्रायव्हर चावी देताना हमखास सांगायचा, "मस्त गाडी हाय भौ, पंचेचाळीस देऊन राहिली." पण ते पंचेचाळीस कोणाचे? त्याचे! त्याच्या रस्त्याचे, त्याच्या पायाचे. तुम्ही चिखलदऱ्याचा घाट चढायला काढा तीच गाडी, देईल का पंचेचाळीस?

"अबे अनुप!" भौंनी मांडीवर अशी थाप मारली की दारातलं मांजर पळालं. "हे पेट्रोल मोजून नाई राहिली रे! हे मागच्या ड्रायव्हरचा फळा वाचून राहिली! तू आठवडाभर गावात फिरतं. सिग्नल आला का इंजिन झोपते, फुकटात चालते. थे पाहून गाडी म्हनते, आठशे सेहेचाळीस! मंग मी बसलो. हायवे, वारा, एसी, पोतं. तिचा अंदाज उतरला. मी पेट्रोल नाई खाल्लं बाप्पा, मी तिची थाप खाल्ली!"

अनुपला ते पटत होतं, म्हणूनच राग येत होता. "बरं, मग परतीला माझ्या हातात कमी का उतरली?"

"कारन तोवर थे खरं बोलाले लागली होती. अन् वारा तुह्याकडून होता."

"हे नुसतं बोलणं झालं बाबा. आकडा दाखवा."

"दाखवतो. टाकी फुल ते टाकी फुल. पंप एक, नळी एक, रस्ता एक. बडनेऱ्याहून मूर्तिजापूर अन् वापस, नव्वद किलोमीटर. पयले तू, मंग मी. एसी दोनवर. हरलो त जन्मभर मागं बसतो."

"अन् मी?" पंचफुलाबाई.

"तू वजन. दोन्ही खेपेले सारखं पायजे."

"हे पाह्य! वजन म्हने!" असं म्हणत त्या रविवारी सकाळी सात वाजता डबा घेऊन सगळ्यात आधी गाडीत बसल्या.

अनुपनं आजवर कधी टाकी फुल केलीच नव्हती. दरवेळी "दोन हजारांचं टाका" म्हणे, मग खरा हिशोब लागणार कोणाला? पंपावर दामिनी नावाची मुलगी होती, झोप डोळ्यांत, पण आवाज खणखणीत. "झिरो पाहा काका!" नळी टक् करून थांबली. "राउंड फिगर करू का?"

"राउंड नोको!" भौ असे ओरडले की ती दोन पावलं मागं सरली. "टक् झालं का बस. सगळ्या येळी हाच टक्, पोरी."

फुल टाकीवर रेंज आठशे बासष्ट.

अनुप निघाला. गाडी तो छान चालवतो, पण समोर ट्रक दिसला तरी शेवटपर्यंत अॅक्सिलरेटर दाबणार, मग ब्रेक, मग पुन्हा दाबणार. मागं बसलेले भौ ओठ दाबून होते. दरेक ब्रेकला पंचफुलाबाईंचा डबा खण् वाजे, आणि भौ बोटावर एक पेर पुढं सरकवत. परत आल्यावर तोच पंप, तोच टक्. चार लिटर साठ. स्क्रीन: सातशे एक्केचाळीस.

मग भौ बसले. आधी खिडकी खाली करून वाऱ्याकडे गाल केला, मग काच वर. पंच्याहत्तरच्या वर काटा गेला नाही. दूरवर गतिरोधक दिसला रे दिसला की पाय वर. गाडी आपली घरंगळत जातेय, बॅटरी भरतेय, इंजिन हुंऽऽ करून गप. एक टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काका, बैलं जुपू का?" भौंनी त्याला जा म्हणून हात केला, अगदी राजासारखा. डबा एकदाही वाजला नाही. पंचफुलाबाई बोरगावची कोणी मैना, तिच्या नातवाचं बारसं, तिची सून, असं सांगत सांगत झोपी गेल्या.

बडनेरा. तोच पंप. दामिनीची झोप आता पार उडाली होती. तिनं स्वतःच आरोळी ठोकली, "झिरो पाहा, राउंड नाही!" अनुप मशीनच्या आकड्यांना नाक लावून उभा. दोन. अडीच. तीन. भौंनी जन्मभर मागं बसायचं की नाही, ते या आकड्यावर होतं. साडेतीन. पावणेचार. टक्!

"तीन पंच्याहत्तर!" दामिनी किंचाळली, जशी तिचीच पैज.

अनुपनं मनात भागाकार केला. "दहा लिटरात माझे एकशे पंच्याण्णव. तुमचे..." त्यानं पुन्हा मशीनकडे पाहिलं. "तुमचे दोनशे चाळीस, बाबा."

"अन् रेंज?"

"आठशे अडतीस." तो स्क्रीनकडे बघत राहिला. "टाकी तिन्ही वेळा सारखीच भरली. पेट्रोल तेवढंच. आठशे बासष्ट, सातशे एक्केचाळीस, आठशे अडतीस."

"पेट्रोल तेवढंच. पाय वेगळे," भौ म्हणाले. मग खरं तेही सांगून टाकलं, "दुसऱ्या खेपेले वारा जरासा पडला होता बरं. थोडंसं त्याचंबी धर."

"धरला तरी तुमीच पुढं राहता." अनुपनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं आणि स्वतः डाव्या सीटकडे गेला. तिथं पंचफुलाबाई येऊन बसल्याही होत्या, पट्टा लावून, डबा मांडीवर.

"आई, मी इथं बसून पाहतो न, बाबा पाय कसा ठेवतात ते."

"मागून दिसते. लांब मान हाय तुही, आता तर सुटलीबी."

अनुप मागं बसला. गाडी पंपाबाहेर पडली, तसा तो दोन्ही सीटांच्या मधून वाकला. "बाबा, गतिरोधक किती दूर असताना पाय उचलता? शंभर मीटर? दीडशे?"

भौ उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात पंचफुलाबाईंनी मागं न बघता हात आडवा केला.

"चालकाशी बोलू नये रे. एष्टीत लिवलं राहे."