जातरीबाईच्या घरचं पाणी

"दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात," डॉक्टर म्हणाले. "डायलिसिस सुरू करावं लागेल. आठवड्यातून तीनदा."

मी आठवड्याचे वार बोटांवर मोजायला लागले. आमचे हे मात्र खुर्चीत सरळ बसून म्हणाले, "म्हणजे नेमणूक झाली."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं आणि रागही आला. आमच्या मेथडिस्ट मंडळीत कुठल्या गावी जायचं ते पाळक स्वतः ठरवत नाही. वार्षिक सभेच्या शेवटच्या दिवशी बिशप उभे राहून नावं वाचतात, अमुक पाळक अमुक गावी. ज्याचं नाव येईल त्यानं निमूट सामान बांधायचं. आम्ही बायका मागच्या बाकावर कान टवकारून, आता कुठल्या गावचं पाणी भरायचंय ते ऐकायला. हे आधी असेच पाठवले गेले, मग बिशप झाले आणि दुसऱ्यांना पाठवत राहिले. बदल्यांचा मला इतका वीट आला होता, की निवृत्तीनंतर नंदुरबारला दोन खोल्या घेतल्या तेव्हा मी देवाला म्हटलं, बाबा रे, आता इथून हलवू नकोस. त्यानं ऐकलं, पण असं ऐकेल असं मला वाटलं नव्हतं.

सुरुवात पायांच्या सुजेनं झाली होती. मग जेवण नको, तोंडाला चव नाही. मी म्हणायची, वय झालं. तुमच्या घरी कुणाचे पाय असे सुजत असतील तर वयावर ढकलू नका, रक्त तपासून घ्या. त्यात क्रिएटिनिन बघतात. ही रक्तातली घाण, किडनीनं बाहेर टाकायची. ती वाढली की किडनी थकली समजायचं.

डायलिसिससाठी डाव्या हातात फिस्टुला केला, म्हणजे छोटं ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडली. तिथं सुया टोचून रक्त मशीनमध्ये जातं, धुऊन परत येतं. चार तास एका जागी. बाहेरच्या बाकावर मी आणि माझ्यासारख्या बायका. कुणी शहाद्याकडची, कुणी धडगावची. पहिल्या आठवड्यात कुणी कुणाशी बोलत नाही, नंतर एकमेकींच्या डब्यातलं बिनमिठाचं चाखतात.

सुयांचं दुखणं सोसतं. खरा जाच पाण्याचा. लघवीच होत नाही तर प्यायलेलं पाणी जाणार कुठं? अंगात साठतं, आधी पायात, मग फुप्फुसात, आणि माणूस धापा टाकतो. म्हणून दिवसाला तीन फुलपात्रं, चहा आणि वरण धरून. आणि आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. हे लिंबाची फोड चोखत बसायचे. मी स्वयंपाकघराचं दार लोटून, घोटाचा आवाज होऊ न देता प्यायची.

त्यांना ते ठाऊक होतं. एकदा म्हणाले, "मन्हासमोर पे ना. आवाज तरी आयकू दे."

माझ्यानं झालं नाही. घशाखाली उतरलंच नसतं.

त्यात त्यांनी एकच धोसरा लावला. पहिल्या नेमणुकीच्या गावी एकदा जायचं. सातपुड्यात, मणिबेलीच्या बाजूला, नर्मदेच्या काठचा पाडा. लग्नाआधी हे तिथं राहिले होते. लोकांचे देव वेगळे, प्रार्थनेला बसायची दोन-तीन घरं. बाकी वेळ हे पोरांना शिकवत आणि आजाऱ्याला झोळीत घालून डोंगर उतरवत. पुढं धरणाचं पाणी चढलं, पाडा बुडाला, उरलेली घरं वर सरकली.

"जीव नकोसा झालाय का तुम्हाला?" मी भांडले.

"जीव आहे तोवरच जायचं ना," ते म्हणाले.

डॉक्टरांनी दोन डायलिसिसच्या मधला दिवस दिला. "जा, पण पाणी सांभाळा."

मोलगीच्या पुढं काठापर्यंत गाडीनं गेलो, तिथून बोट. ह्यांनी सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मी फुलपात्र पुढं केलं तर म्हणाले, "ठेव. तिथं लागेल. त्या घरांत पाण्याला नाही म्हणता येत नाही." दिवसाचं सगळं पाणी त्यांनी त्या लोकांसाठी राखून ठेवलं होतं.

मध्येच पाण्यावर बोट दाखवून म्हणाले, "प्रार्थनेचा आंबा इथं खाली." त्या झाडाखाली हे प्रार्थना घ्यायचे.

काठावर माणसं लोटे घेऊनच उभी होती. ह्यांनी प्रत्येक लोट्यातून एक-एक घोट घेतला. मी मनात हिशेब धरून होते. शेवटी जातरीबाई आली. तरुणपणी ह्यांना हिनंच जेवू घातलं होतं. एका घोटावर लोटा परत आलेला पाहून ती तुटक मराठीत म्हणाली, "आधी आख्खा पीत होता तू. आमचं पाणी बदललं काय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागणाऱ्या पोरासारखं. राखून ठेवलेलं पाणी संपत आलं होतं, मला ठाऊक होतं. आजार समजावून सांगता आला असता. पण माझ्या तोंडून निघालं, "प्या."

ते गटागट प्यायले. तसा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता.

परतताना त्यांना धाप लागली आणि मी रस्ताभर स्वतःला शिव्या दिल्या. सकाळी डायलिसिसच्या आधी वजन करतात, त्यावरून कळतं किती पाणी साठलंय. टेक्निशियननं काटा पाहून कपाळाला हात लावला. "बिशपसाहेब, हे काय?"

हे म्हणाले, "सगळं काढ बाबा. जातरीबाईचं तेवढं राहू दे."

"मशीनला काय कळतं, कुठलं पाणी कुणाचं," तो म्हणाला.

पुढच्या थंडीत हे गेले. हृदय थकलं होतं. तो लोटा त्याला कारण नव्हता, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याकडे असा आजारी असेल तर माझं ऐकून पाणी वाढवू नका. पण दार लोटून पिऊ नका. त्याच्यासमोर प्या. त्यानं मागितलं होतं ते एवढंच आणि मी दिलं नाही, हे मला फार सलतं.

ईस्टरनंतर मी एकटीच बोटीनं गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं. जातरीबाईनं विचारलं नाही, मी एकटी का. तिनं लोटा पुढं केला. मी काठावर बसले, बुडालेल्या आंब्याकडे तोंड केलं आणि ह्यांना ऐकू जाईल असा आवाज करत आख्खा प्यायले.