वजन घटल्याशिवाय सुट्टी नाही

सत्त्याण्णव सालच्या गणपतीनंतर कोरेगावच्या धर्मादाय दवाखान्यात कॉम्प्युटर आला. चाळीस खाटांच्या त्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला पंखा होता. कॉम्प्युटरच्या खोलीला एसी बसला. थिएटरबाहेर चपला काढण्याची पाटी होती, ती कोणी वाचत नसे. इथं पाटी नव्हती, तरी उद्‌घाटनाला ट्रस्टच्या मंडळींनी मोजेसुद्धा काढले.

आक्काताई मोहिते तिथल्या हेड सिस्टर. माहेर मलकापूरकडचं, उसाच्या घरातलं. सांगलीला नर्सिंग शिकून नोकरीला लागल्या त्याला सव्वीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात न मोजलेला ताप त्यांनी एकदाही कागदावर लिहिला नव्हता. नवरा फौजेत. वर्षातून दोन महिने तो घरी येई आणि घर कसं चालवावं ते त्यांना समजावून सांगे. आक्काताई व्हय म्हणत, आणि त्याची सुट्टी संपली की घर पूर्वीसारखं चालवीत. ट्रस्टशीही त्यांनी याच रीतीनं निभावलं होतं. कॉम्प्युटर मात्र सुट्टी संपवून परत जाणाऱ्यातला नव्हता.

तो आणला ट्रस्टचे अध्यक्ष नाथाजीराव यांनी. सगळा तालुका त्यांना आण्णा म्हणे. आण्णांचा पुतण्या वीरधवल साखर कारखान्यात वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर होता. उसाच्या गाड्यांची नोंद करणारा प्रोग्राम त्याच्याकडे तयार होताच. तोच त्यानं दवाखान्याला बसवला. गाडीवानाच्या जागी नातेवाईक आला, उसाच्या जातीच्या जागी आजाराची जात. जाती चारच असल्यानं आजारही चारच ठरले. एकदा बरा होऊन पुन्हा दाखल झालेला रोगी, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकासारखा, 'खोडवा' म्हणून नोंदला जाई. शेताचा गट नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. ज्यांना जमीन नाही त्यांच्या नावापुढे दवाखान्याचाच गट नंबर टाकायचं ठरलं, आणि दोन महिन्यांत निम्मा तालुका दवाखान्याच्या आवारात पिकू लागला.

एवढं आक्काताईंनी चालवून घेतलं असतं. खरी अडचण वजनाची होती. कारखान्यात गाडी भरलेली येते आणि रिकामी होऊन जाते. जातानाचं वजन येतानाच्या वजनापेक्षा कमी भरलं तरच यंत्र सुटकेची चिठ्ठी देई. दवाखान्यातून बाळंतीण बिनतक्रार सुटत असे. पण पायाला प्लास्टर घातलेला माणूस जाताना जड भरे, आणि अन्न अंगी लागून सुधारलेला माणूस तर यंत्राच्या लेखी चोरच होता. असे अडकलेले रोगी शनिवारी वीरधवल येऊन हातानं सोडवी. तोवर ते धडधाकटपणे खाटेवर बसून राहत.

औषधालाही चिठ्ठी लागे. सिस्टरनं वॉर्ड सोडून जायचं, चपला काढायच्या, रांगेत उभं राहायचं. आत कॉम्प्युटरवर बसलेली श्रद्धा नावाची मुलगी सगळी पानं भरी, प्रिंटर खरखरे, आणि मध्येच वीज गेली की पुन्हा गट नंबरापासून सुरुवात. आक्काताईंनी घड्याळ लावून पाहिलं: एका चिठ्ठीला सतरा मिनिटं. पाळीला सिस्टर पाच, त्यातल्या दोघी कायम त्या दाराबाहेर अनवाणी.

एका दुपारी मेढ्याकडच्या बनुबाईंचं सलाईन संपलं आणि नळीत रक्त चढायला लागलं. आक्काताईंनी धावत जाऊन नळी बंद केली.

"सिस्टर कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"थंडगार खोलीम्होरं हुभी हाय," बनुबाई म्हणाल्या. "तिला बोलवू नगा. तिचा नंबर जाईल."

त्या दिवशी आक्काताईंनी ट्रस्टला तिसरा अर्ज लिहिला. आण्णांनी त्यांना बोलावून घेतलं आणि चहा पाजला. "आक्का, मशीन चुकत न्हाई. चुकतो तो मानूस," ते म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांच्या सहीचा हुकूम निघाला. कॉम्प्युटरच्या चिठ्ठीशिवाय कोणताही रोगी गेटाबाहेर सोडू नये. आणि एक डिसेंबरपासून खाटेच्या पायथ्याचे केसपेपर बंद, हातानं नोंद करील त्याला घरी पाठवावं. म्हणजे कोणाला ताप किती आणि शेवटचं इंजेक्शन कधी, हे बघायलाही चपला काढून रांगेत. असं झालं तर इथं रोगी सांभाळता येणार नाही, हे आक्काताईंना स्वच्छ दिसत होतं. राजीनामा लिहून त्यांनी पर्समध्ये ठेवला. तारीख तेवढी घालायची होती.

नोव्हेंबरच्या मध्यावर आण्णा न्हाणीघरात घसरले. घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, सूज उतरेपर्यंत पाय वर टांगून दोन दिवस ठेवायचं ठरलं. प्लास्टरच्या आधीच आण्णांनी हौसेनं नियमाप्रमाणे नोंद करून घेतली होती: वजन चौऱ्याऐंशी किलो, आजाराची जात तिसरी.

बुधवारी सकाळी डॉक्टरांनी त्यांना घरी जायला सांगितलं. त्याच दिवशी कारखान्याचा हंगाम सुरू व्हायचा होता. अकरा वर्षं संचालक राहिल्यावर गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायचा मान यंदा आण्णांना मिळाला होता. मुहूर्त अकरा दहाचा. नऊ वाजता ते फेटा बांधून काट्यावर बसले. आक्काताईंनी वजन वाचलं, लिहिलं, खाली सही केली. श्रद्धानं आकडा भरला. चिठ्ठी आली नाही.

आण्णा चाकांच्या खुर्चीतून थेट गेटाकडे निघाले. गेटावर हरिबा होता, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार.

"हरिबा, गेट उघड."

"चिठ्ठी, साहेब."

"अरं, मी अध्यक्ष हाय."

"व्हय साहेब. सही तुमचीच हाय," हरिबा म्हणाला आणि भिंतीवरच्या हुकुमाकडे बोट करून सावधानमध्ये उभा राहिला.

कारखान्यात फोन लावला. वीरधवल मांडवात होता, आणि लाऊडस्पीकरच्या आवाजात फोन घेणाऱ्याला 'आण्णा येतायत' एवढंच ऐकू आलं. त्यानं आनंद व्यक्त करून फोन ठेवला. आण्णांना पुन्हा वॉर्डात आणलं.

"अडीच किलो जास्त भरताय," आक्काताई म्हणाल्या.

"ते प्लास्टरचं हाय, आक्का."

"मला ठावं हाय. मशीनला न्हाई."

"मग आकडा कमी लिव की."

"मशीन चुकत न्हाई म्हनला व्हता. त्याला आता मी चुकायला शिकवू?"

आण्णांनी घड्याळ पाहिलं. "मुहूर्त अकरा दहाचा हाय गं."

"त्या धुळाची मेंढरं परवा कोकणात उतरायला निघाली. त्यालाबी मुहूर्त व्हता."

शेजारच्या खाटेवर धुळा बसला होता. आला तेव्हा एकोणचाळीस किलोचा. दोन वेळा पोटभर जेवून पंचेचाळीस झालेला, आणि म्हणून शनिवारपर्यंत अडकलेला.

"उपाय दोन हायती," आक्काताई म्हणाल्या. "प्लास्टर कापून काढायचं, न्हाईतर शनवारपातूर लंघन."

"लंघनाचं नगा धरू, आण्णा," धुळा आपुलकीनं म्हणाला. "म्या परवा करून बगितलं. दिसभरात अर्धा किलोच उतरतंय."

आण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. गेले दोन महिने दवाखान्याचे आकडे ते दर सोमवारी वाचत होते. त्या आकड्यांत हा माणूस कुठं दिसला नव्हता. त्यांनी कागद मागितला आणि लिहिलं: अध्यक्षांना चिठ्ठीशिवाय सोडावे.

आक्काताईंनी तो वाचून परत दिला. "हे एकाचंच झालं. तुमच्या वर चौघं हायत नंबरात."

साडेदहा वाजले होते. आण्णांनी दुसरा कागद घेतला. आक्काताई सांगत गेल्या, ते लिहीत गेले. डॉक्टरांनी सांगितलं की रोगी सुटेल. औषध हेड सिस्टरच्या सहीवर मिळेल. केसपेपर खाटेच्या पायथ्याशी राहतील, एक डिसेंबरनंतरही. कोणतीही सिस्टर वॉर्ड सोडून कॉम्प्युटरच्या दाराशी उभी राहणार नाही. सही, तारीख, शिक्का.

"आनि त्या खोलीचं काय करायचं?" आण्णांनी टोपण लावत विचारलं.

"एसी झ्याक हाय. लशींचा फ्रीज ठिवू तितं. त्यालाबी गारवा लागतो."

हरिबानं तो कागद ओठ हलवत शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. भिंतीवरच्या सहीशी सही ताडून पाहिली. मग गेट उघडलं आणि नंबरानं सोडायला सुरुवात केली. पहिला धुळा, खांद्यावर घोंगडं टाकून. हरिबानं त्याला कडक सॅल्यूट ठोकला. धुळानं मागं वळून पाहिलं, मागं कोणी साहेब नव्हता. मग प्लास्टरवाले दोघे कुबड्यांवर, मग न्यूमोनियातून उठून चार किलो वाढलेली तडवळ्याची म्हातारी. प्रत्येकाला तोच सॅल्यूट. पाचवे आण्णा, गाडीत. फेटा अजून शाबूत होता.

ते कारखान्यावर पोचले तेव्हा बाराला दहा कमी होते. पहिली मोळी दुसऱ्याच संचालकानं टाकून झाली होती. आण्णांनी मागची एक टाकली. गव्हाणीला त्यातला फरक कळला नाही, आणि नंतर भाषणात आण्णांनी दवाखान्याच्या नव्या पद्धतीची घोषणा केली. ती आपल्याला कशी सुचली हेही सांगितलं.

आक्काताईंना हे संध्याकाळी कळलं. "व्हय," एवढंच त्या म्हणाल्या. पर्समधला राजीनामा फाडायलाही त्यांना सवड झाली नव्हती. सुटलेल्या पाच खाटांच्या चादरी बदलायच्या होत्या, आणि बाहेर व्हरांड्यात सात माणसं दाखल होण्यासाठी थांबली होती. दोन महिन्यांत पहिल्यांदाच पाचही सिस्टर एकाच वेळी वॉर्डात होत्या, चपला घालून. सवय मोडल्यामुळे त्या एकमेकींना धडकत होत्या. एका खाटेवर दोघी एकदम थर्मामीटर घेऊन पोचल्या.

"आक्का, आज लय गर्दी झाली सिस्टरांची," बनुबाई म्हणाल्या.

आक्काताईंनी त्यांच्या खाटेच्या पायथ्याचा कागद उचलला, ताप वाचला, वेळ लिहिली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "उद्यापातूर वाट सापडंल त्यांस्नी."