न मावणारी तंगडी

मार्यूनची एक ठाम श्रद्धा होती. पोर कितीही लांब गेलं तरी त्याच्या पोटात जोवर घरचं मटण जातंय, तोवर ते परत येतं. देवाबद्दलही तिची इतकी खात्री नव्हती.

फेरो बेटांवर शाळा संपली की पोरं डेन्मार्कला शिकायला जातात, हे ठरलेलंच. मुलगे कधीमधी परततात, कारण त्यांना मेंढ्यांची आठवण येते. मुली परतत नाहीत, कारण त्यांना त्या मुलग्यांची आठवण येते. मार्यूनची लेक हेर्बोर मात्र कोपनहेगनला बोगदे खणण्याचं इंजिनिअरिंग शिकली. आईला वाटलं, झालं, आता ही जाते कुठे? समुद्राखालून बोगदे काढायचं खूळ आमच्याइतकं कुणाला आहे? तिने लेकीची खोली रंगवून घेतली आणि बेटांच्या राजधानीत तिला नोकरी लागल्याचं गावभर सांगून टाकलं. पोरीने अजून अर्जही केला नव्हता.

शरदात मार्यूनचा नवरा ओली हा मेंढे कापायचा आणि फटीफटीच्या फळ्यांच्या खोपटात टांगायचा. मीठ नाही, धूर नाही, नुसता खारा वारा. वाळलेली एक तंगडी मार्यून दरवर्षी कोपनहेगनला निघालेल्या कुणाच्या तरी गळ्यात मारायची. यंदा पाद्रीबाई सापडल्या.

"अगं, माझा झगा आहे या बॅगेत," त्या म्हणाल्या.

"मग काय, देवालाही कळू दे गावाकडचा वास."

हेर्बोरने तंगडी इमारतीच्या तळघरात टांगली. तिथे वारा कुठला? तंगडीला हिरवी लव फुटली, वास जिना चढू लागला आणि एका शेजाऱ्याने थेट पोलिसांना बोलावलं.

"त्यांनी विचारलं, कधी मेला?" हेर्बोर फोनवर सांगत होती. "मी म्हटलं, ऑक्टोबरात. कुणी मारला? म्हटलं, बाबांनी. मग दोघा पोलिसांनी एकदम वह्या काढल्या."

"माझं नाव तरी नीट सांगितलंस ना?" ओली मागून ओरडला.

मार्यूनला मनातून गुदगुल्या होत होत्या. "असल्या नाजूक नाकांच्या लोकांत राहायचंच कशाला? ये निघून."

"निघालेच आहे, मम्मा. खोली सोडली."

"कधी येतेस?"

"तिकडे नाही गं. ट्रॉम्सोला. नॉर्वेत बोगद्याचं काम मिळालंय." मग घाईघाईने, "तिथल्या घरमालकिणीचं खोपट आहे, अगदी आपल्यासारखं. वारा तर असा, की उभं राहवत नाही. पुढची तंगडी तिथेच पाठव."

मार्यूनने फोन ठेवला आणि ती रंगवलेल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. जिच्या जोरावर पोरीला ओढून आणायचं, तीच तंगडी टांगायला वारा शोधत पोरगी आणखी उत्तरेला चालली होती.

"पाठवू नकोस," ओली म्हणाला. "तोंडाची चव गेली की येईल."

"येत नाही. मासे खाईल आणि तेच आवडायला लागतील. तुला माहीत नाही तुझी पोरगी."

खोपटात दोन तंगड्या उरल्या होत्या. मार्यूनने दोन्ही चाचपल्या, हुंगल्या. लहान काढून फडक्यात बांधली. मग लेकीला निरोप धाडला: "लहान पाठवतेय. मोठी इथेच आहे. ती कुणाच्या बॅगेत मावत नाही."

"माझ्या बॅगेत मावेल की," ओली म्हणाला.

मार्यूनने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्याने मेंढ्या बघायला निघून गेला.