सालकाच्या बुटाची नाडी

मॉरिटानियातल्या नवाकशोत शहरात स्टेडियमभोवती संध्याकाळी चालणाऱ्या बायकांत सालकाही होती. गुडघे वाचवायचे तर वजन उतरव, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दंड जरा उतरले, तशा शेजारणी विचारू लागल्या, "काय गं, नवरा खायला घालत नाही का?" त्या दिवशी घरी येताच तिनं वैतागून बूट भिरकावले. "जळो मेलं ते चालणं!"

आई उंटिणीच्या दुधाचा वाडगा घेऊन टपलेलीच होती. "घे. तुझं भरलेलं अंग बघूनच मागण्या आल्या होत्या. माझे सगळे कष्ट रस्त्यावर सांडून येतेस!"

कष्ट! लहानपणी अंग भरावं म्हणून पाजलं जाणारं दूध सालका नको म्हणाली, की आई तिच्या पायाची बोटं दोन काठ्यांत धरून आवळायची. करंगळी तेव्हापासून वाकडीच होती.

सालकानं वाडगा बाजूला सारला आणि बूट ओढून घेतले. पण पोटामुळे वाकता येईना. शेवटी म्हातारीच कुरकुरत खाली बसली. बूट चढवताना तिचा हात त्या करंगळीवर थबकला. मग हलक्या हातानं नाडी बांधत तिनं विचारलं, "घट्ट नाही ना झाली?"

"नाही गं आई," सालका म्हणाली. "तेव्हाच्या मानानं सैलच आहे."